आज्जांची गिटार आणि वर्षाराणीचा उजवा कान

वर्षाराणी घाटगे आमच्या कारखान्यात नऊ वर्षं गिअरबॉक्स ऐकत होती. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमचं युनिट आहे आणि मी तिथं क्वालिटीला इंजिनिअर आहे. तयार झालेला गिअरबॉक्स टेबलावर चढवायचा, मोटर सुरू करायची आणि कान लावायचा, हे तिचं काम. चांगला असला तर हिरवी चिठ्ठी, घरघरला तर लाल. लाल चिठ्ठीवर दोष कुठला आणि कशानं, हे लिहून खाली सही करायची.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचे वडील पिराजी सिद्धनेर्लीला दूधगंगेच्या काठावरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. लहान असताना ती त्यांच्यामागून हिंडायची. मोठ्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटारीवर टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडावर दाबायची, की आतलं बेअरिंग बोलायला लागतं, हे तिला सातव्या वर्षापासून ठाऊक. पुढं तिनं आयटीआयला फिटरचा कोर्स केला. वर्गात ती एकटीच मुलगी होती.

दोन वर्षांपूर्वी कंपनीनं आवाज तपासणारं मशीन घेतलं. ते बसवायचं काम माझ्याकडं होतं. मशीन चालू झालं आणि वर्षाराणीची बदली डिस्पॅचला झाली. पगार तोच राहिला, पण आता ती खोकी मोजायची आणि ट्रकवर चढवून घ्यायची. कँटीनमध्ये समोर आली की मी उगाच मोबाईल काढायची.

म्हणूनच गेल्या जानेवारीत तिच्याकडं घरचं काम घेऊन जाताना मला लाज वाटत होती.

काम माझ्या आज्जांचं होतं. माझे आज्जा, गोमटेश मगदूम, हातकणंगल्याला राहतात. उभं आयुष्य त्यांनी गुळाचा व्यापार केला, पण तरुणपणी ते कोल्हापूरच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. आडवी, मांडीवर ठेवून, डाव्या हातातला पोलादी दांडा तारांवरून सरकवत. त्यांची गिटार लाकडाची नाही. तिचं अंग पितळेचं, वर निकेलचा मुलामा. पोटात अ‍ॅल्युमिनियमचा पातळ कोन आहे, लाउडस्पीकरच्या कागदासारखा. त्या कोनावर लाकडाची एक चकती, चकतीवर घोडी, घोडीवरून तारा. तार हलली की कोन हलतो आणि आवाज त्यातनं येतो. असल्या गिटारीला रेझोनेटर म्हणतात. मुंबईत हॉटेलात वाजवणारा एक गोवेकर परदेशी निघाला होता, त्याच्याकडून एकोणऐंशी साली आज्जांनी ती घेतली.

या गिटारीत दोन वर्षांपासून खरखर शिरली होती. फेब्रुवारीत गावातल्या आमच्या जैन मंदिरात पंचकल्याणक पूजा होती आणि भजनी मंडळानं आज्जांना वाजवायला सांगितलं होतं. आज्जांनी गिटार दोन ठिकाणी दाखवून आणली. एकानं घोडी उंच करून दिली. दुसऱ्यानं पोटात काहीतरी चिकटवून दिलं. खरखर गेली नाही, उलट आवाज बसला.

मी डिस्पॅचच्या दारात उभी राहून हे सगळं सांगितलं. वर्षाराणीनं हातातलं यादीचं पॅड खाली ठेवलं.

"गिटार म्हंजे काय, मी कधी हात लावला न्हाय, मॅडम," ती म्हणाली. "पण ऐकून बघतो की. रविवारी येतो."

ती आली ती मोपेडवरून, पाठीला हत्यारांची पिशवी. आमची अव्वा, म्हणजे माझी आजी प्रभावती, दारातच उभी होती.

"तू दुरुस्त करणार व्हय? मी म्हटलं कोण मिस्त्री येतोय," अव्वा म्हणाली. "ये. पण सांगतो तुला, ही खरखर आधीपासनंच हाय. ह्यांनाच आत्ता ऐकू याय लागलीया."

"तू गप," आतून आज्जा म्हणाले.

वर्षाराणीनं गिटारीला हात लावला नाही. तिनं आज्जांना वाजवायला सांगितलं आणि स्वतः खोलीभर फिरली. एकदा खिडकीशी, एकदा आज्जांच्या पाठीमागं, मग थेट स्वयंपाकघरात. तिथनं तिनं हाक मारली, "आज्जा, तोच सूर परत धरा." आज्जांनी धरला. मांडणीवरच्या स्टीलच्या ताटांवर तिनं तळहात ठेवला. "आता?" थोडी खरखर कमी झाली.

"तुमची ताटं पण गातायत की," ती अव्वाला म्हणाली.

अव्वानं सगळी ताटं उतरवून चटईवर ठेवली, पण मुख्य खरखर तशीच राहिली. मग वर्षाराणी आज्जांसमोर मांडी घालून बसली आणि एकेक तार वाजवायला लावली. वही काढून ती लिहीत होती. अर्ध्या तासानं तिनं वही माझ्यापुढं धरली. खरखर एकाच सुरावर येत होती. तो सूर पहिल्या तारेवर धरला तरी येत होती, चौथ्या तारेवर धरला तरी येत होती.

"एका तारेवर आली असती तर तारेचा दोष," ती म्हणाली. "सूर तोच आणि तार कुठली बी, म्हंजे अंगातलं कायतरी सुटलंय. त्या सुराला ते थरथरतंय."

"पहिल्या दुकानदारानं सांगितलं, तारा खालच्या पडद्यांना, त्या धातूच्या पट्ट्यांना, लागत्यात," आज्जा म्हणाले. "म्हणून तर घोडी उंच केली."

"तुम्ही तार दाबता कुठं? दांडा वरनंच सरकतोय. पडद्याला लागंल कशी?"

आज्जांनी गिटारीकडं बघितलं, मग माझ्याकडं. पंचेचाळीस वर्षं वाजवणाऱ्या माणसाला ही गोष्ट कळायला हवी होती, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग ती सूर चालू असताना एकेका ठिकाणी बोट दाबत गेली. जाळीच्या झाकणाचे स्क्रू, हाताखालची पट्टी, मग खुंट्या. तिसऱ्या खुंटीच्या मागचा नट ढिला होता. तो आवळल्यावर बरीच खरखर गेली. उरली ती एकच, बारीक, माशी डब्यात अडकल्यासारखी. वर्षाराणीनं स्क्रू ड्रायव्हरचं टोक झाकणावर टेकवलं, मूठ उजव्या कानामागं दाबली आणि डोळे मिटले.

"आतला कोन. एका बाजूला बसलाय, एका बाजूला उचललाय. उघडावं लागंल."

तारा सैल केल्या, नऊ स्क्रू काढले, झाकण उचललं. दुसऱ्या दुरुस्तीवाल्यानं काय चिकटवलं होतं ते दिसलं. कोनाची कड ज्या पितळी काठावर नुसती टेकायची, तिथं त्यानं चार बोटं लांबीचा घट्ट डिंक भरला होता. तो वाळून दगड झाला होता. त्या बाजूला कोन अडकलेला, समोरच्या बाजूला कागद जाईल एवढा वर. शिवाय उंच घोडीमुळं तारांचा दाब वाढून कोनाचा मधला भाग थोडा दबला होता.

वर्षाराणीनं गरम पाणी मागितलं. फडकं बुडवून डिंकावर ठेवायचं, मग पातळ पातं कडेनं सरकवायचं, असं ती तासभर करत राहिली. डिंक बोटाबोटानं सुटत होता. उन्हं उतरायला लागली होती. आमच्यात जेवण सूर्यास्ताच्या आत उरकतं, त्यामुळं अव्वाची भांड्यांची गडबड सुरू झाली. शेवटचं एक बोट राहिलं होतं. वर्षाराणीनं पातं जरा जास्त दाबलं आणि कट्‌ असा आवाज आला.

कोनाची कड अंगठ्याएवढी फाटली होती.

तिनं कोन हळूच बाहेर काढून उजेडात धरला. फट आरपार होती. आज्जांनी हात पुढं केला, कोन घेतला आणि मांडीवर ठेवला. त्यांचं बोट फटीवरून फिरत होतं.

"चुकलं माझं," वर्षाराणी म्हणाली. "उद्या यायाला पायजे हुतं. घाई केली."

तिनं पिशवीतून कारखान्यातली लाल चिठ्ठी काढली. नऊ वर्षं ज्या चिठ्ठ्या लिहिल्या, त्यातलं एक अर्धं पुस्तक अजून तिच्या पिशवीत होतं. तिनं लिहिलं: कोन, कड फाटली, काढताना पातं जास्त दाबलं. खाली सही केली, तारीख टाकली आणि चिठ्ठी दोऱ्यानं कोनाला बांधली.

आज्जांनी ती वाचली. "सही कशापायी केलीस?"

"ज्येनं खराब केलं त्येनं करायची अस्ती."

आज्जा उठून आत गेले. ते रागावले होते की नाही, मला कळलं नाही. मला मात्र राग आला होता, तिचा आणि तिला बोलावलं म्हणून माझा. अव्वानं सगळ्यांना बाजूला सारलं, वर्षाराणीला पाटावर बसवलं आणि ताटात भाकरी वाढली. "जेव. पत्राच हाय तो. माणूस फाटलं न्हाय," ती म्हणाली. वर्षाराणीनं मान खाली घालून एक भाकरी कशीबशी संपवली.

पंचकल्याणकात आज्जा गिटारीशिवायच गेले. मंडळात मागं बसून झांजा वाजवल्या.

नवा कोन परदेशातून मागवता येत होता, पण कुठल्या बनावटीचा मागवायचा हे नक्की कळेना. गिटार कुणी बनवली याचा शिक्का अंगावर नव्हता, आणि असे कोन विकणाऱ्या परदेशी दुकानांना आम्ही लिहिलेल्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात वर्षाराणी माझ्या टेबलाशी आली. तिनं फाटक्या कोनाची जाडी मायक्रोमीटरनं मोजून आणली होती. पाव मिलिमीटर.

"हे लेथवर दाबून काढलंय, मॅडम. आपल्याकडं डब्यांची झाकणं काढत्यात तसंच. उद्यमनगरात जोतीराम म्हणून हाय. माझ्या नवऱ्याच्या वळखीचा. चला की."

तिचा नवरा कृष्णात दूध संघाच्या शीतकरण केंद्रात आहे. केंद्राला लागणारी झाकणं जोतीराम करून देतो, एवढीच ओळख.

जोतीरामचं दुकान म्हणजे दोन लेथ आणि एक पंखा. लाकडाचा साचा लेथवर फिरतो, त्यावर पत्र्याची गोल चकती धरायची आणि लांब दांड्याच्या हत्यारानं दाबत दाबत पत्रा साच्यावर बसवायचा. तो झाकणं करतो, दिव्यांच्या टोप्या करतो. कोन हातात घेऊन त्यानं उलटसुलट बघितला.

"हे वाजतंय? ह्येच्यावर?" तो म्हणाला. "पावणं, हे लई पातळ हाय. पत्रा फाटंल. अर्ध्या मिलिमीटरचा करून देतो, जलमभर टिकंल."

त्यानं अर्ध्या मिलिमीटरचा केला. सुंदर झाला. वर्षाराणीनं बोटाच्या टोकावर तोलून नखानं टिचकी मारली. भांड्याच्या झाकणासारखा वाजला.

"न्हाय," ती म्हणाली.

"का न्हाय? माप बघा की."

"माप बराबर हाय. आवाज न्हाय."

मग पातळ पत्रा आणला. पहिली चकती काठावर चुरगळली. दुसरी मध्येच फाटली. तिसरीला जोतीराम वैतागला. चौथीच्या आधी वर्षाराणीनं अंगाचा साबण मागितला. पत्र्यावर साबण चोळला आणि खालनं गॅसची ज्योत फिरवत राहिली. साबण काळा पडला की ज्योत काढायची. पत्रा तेवढ्यात मऊ होतो, जास्त तापला तर वितळतो. तिचे वडील तांब्याच्या वाशरी अशाच भाजायचे, फक्त त्यांना साबण लागायचा नाही, रंग दिसायचा. अ‍ॅल्युमिनियमचा रंग बदलत नाही, म्हणून साबण.

चकती गार व्हायची वाट बघत आम्ही दुकानाबाहेर बाकड्यावर बसलो होतो. तेव्हा मी ते बोलले. मशीन मी आणलं, त्यामुळं तुमचं काम गेलं, मला तेव्हाच बोलायला हवं होतं, वगैरे. बोलताना माझी वाक्यं अर्धवट राहत होती.

तिनं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "मॅडम, दिवसाला अडीचशे गिअरबॉक्स ऐकायचो मी. घरी गेलो की तेजस्वी शाळेतलं सांगायला लागायची, तर मी तिला गप बस म्हणायचो. पोरीचा आवाज सोसत नव्हता." तेजस्वी तिची मुलगी, पाचवीत आहे. "आता डिस्पॅचला खिडकी हाय. ट्रकवाल्यांशी बोलतो, हसतो. घरी जाऊन पोरीचं ऐकतो."

"म्हणजे तुम्हाला वाईट वाटलं नाही?"

"वाटलं की. पहिला महिना लई वाटलं. नऊ वर्षं केलं, एकानं बी म्हटलं न्हाय, वर्षा, चांगलं केलंस." तिनं साडीच्या पदरानं हातावरचा काळा साबण पुसला. "आनि दुसरं सांगतो. माझा डावा कान गेलाय. बारीक आवाज येत न्हाय. चार वर्षं झाली."

आमच्याकडं दर वर्षी कानाची तपासणी होते. मी तिला ते विचारलं.

"तपासणीला तिथली बाई आवाज सोडायचं बटण कधी दाबती ते बघून मी माझं दाबायचो. समोरच्या काचंत तिचा हात दिसतोय. कळलं असतं तर काढलं असतं मला. मशीन आलं नसतं तर अजून तिथंच बसलो असतो, उजव्या कानावर."

आतून जोतीरामनं हाक मारली, पत्रा गार झाला होता. आम्ही उठलो.

चौथा कोन फाटला नाही, पण काठ वाकडा आला. पाचवा चांगला आला. वर्षाराणीनं टिचकी मारली, उजव्या कानाशी नेला, परत मारली आणि जोतीरामकडं बघून मान हलवली. जोतीरामनं पंखा बंद केला आणि स्वतः टिचकी मारून बघितली. "आयला," तो म्हणाला. "ह्यो तर श्वास घेतोय."

मार्चमधल्या एका रविवारी ती सकाळी आठलाच हातकणंगल्याला आली. या वेळी तिनं घाई केली नाही. पितळी काठावरचा उरलेला डिंक दोन तास घासून काढला. कोन बसवला आणि चारी बाजूंनी पातळ पट्टी घालून बघितली, कुठं फट आहे का. एका जागी पट्टी गेली. काठ तिथं किंचित दबलेला होता, तो लाकडी हातोडीनं सरळ केला. शिसवाच्या तुकड्यातून नवी घोडी केली, जुन्यापेक्षा बुटकी. तारेसाठी खाच तारेच्या अर्ध्या जाडीएवढीच. "खोल केली की तार आतल्या आत घासती," ती म्हणाली. आज्जा शेजारी बसून बघत होते. हळूहळू ते सांगायला लागले, कुठली तार कुठल्या सुराला, कुठली किती ताणायची. ती प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत होती.

तारा चढवल्यावर आज्जांनी दांडा उचलला, तर तिनं थांबवलं.

"आज नगं. दाबाखाली कोन बसू दे. दोन दिवसांनी थोडा उतरंल, मग तारा परत ताणा. पुढच्या रविवारी येतो."

तारा परत ताणण्यापलीकडं आज्जांनी आठवडाभर गिटारीला हात लावला नाही. अव्वा म्हणाली, दिवसातनं चारदा जाऊन बघून यायचे.

पुढच्या रविवारी त्यांनी वाजवली. तोच सूर, सगळ्या तारांवर. वर्षाराणी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून बसली होती. झाकणाच्या एका स्क्रूखाली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, बारीक चकती घातली आणि मग काहीच उरलं नाही. खरखर गेली होती.

आज्जा बराच वेळ वाजवत होते. मग थांबले.

"आवाज बदलला," ते म्हणाले.

"व्हय," वर्षाराणी म्हणाली.

"पहिला गोड हुता."

"व्हय. पन्नास-साठ वर्षांचा पत्रा हुता त्यो. तसा न्हाय व्हायचा."

"ह्यो मोठा हाय. जरा उद्धट."

"वाजवून वाजवून जरा नरम येईल. पण तसाच येईल असं मी सांगत न्हाय."

आज्जांनी मान डोलावली आणि परत दांडा तारांवर ठेवला. त्या दिवशी ते जेवायला उठेनात, अव्वाला तीनदा हाक मारावी लागली. जेवताना त्यांनी वर्षाराणीच्या ताटात स्वतः तूप वाढलं. आमच्या घरात हे काम अव्वाचं. ते करताना त्यांना आम्ही कुणी पाहिलं नव्हतं.

कारखान्यात मी एक पत्र दिलं. आवाज तपासायला बसणाऱ्या माणसाला सलग दोन तासांहून जास्त बसवायचं नाही आणि कानाची तपासणी काचेसमोर घ्यायची नाही. मशीन असलं तरी शंका येणारे गिअरबॉक्स अजून माणूसच ऐकतो, म्हणून हे गरजेचं. मंजुरीला चार महिने लागले. त्या कामावर परत येणार का, असं मी वर्षाराणीला विचारलं. ती नको म्हणाली, पण त्या जागेवर नव्यानं आलेल्या दोन मुलींना तिनं आठवड्यातले दोन दिवस शिकवलं. डाव्या कानाचं तिनं स्वतःच डॉक्टरांना सांगितलं. नोकरीवर काही परिणाम झाला नाही.

आता लोक तिच्याकडं वाद्यं आणतात. एका भजनी मंडळाची पेटी, कुणाची सतार, एकदा बँडवाल्यांचा ट्रम्पेट. ती निम्मी परत पाठवते. "मला यातलं कळत न्हाय," असं सरळ सांगते आणि मिरजेला वाद्यं बनवणाऱ्यांकडं जायला सांगते. जे घेते ते रविवारीच घेते आणि दिवस मावळायच्या आत थांबते, काम अर्धं असलं तरी.

भाद्रपदात दशलक्षण पर्वात आज्जा देवळाच्या सभागृहात वाजवायला बसले. दुपारचा कार्यक्रम होता. वर्षाराणी, कृष्णात आणि तेजस्वी तिघंही आले होते. आज्जांनी पहिला सूर धरला आणि सभागृहभर घर्रर्र असा आवाज उठला. आज्जांचा हात थांबला. पुढच्या चार रांगांनी माना वळवल्या, कारण एव्हाना सगळ्या गावाला ठाऊक होतं की दुरुस्ती कुणी केली.

वर्षाराणी बसल्या जागेवरून उठली नाही. तिनं मान थोडी वळवून उजवा कान मंचाकडं केला.

"गिटारीचं न्हाय ते," ती मोठ्यानं म्हणाली. "तुमच्या लाउडस्पीकरची वायर ढिली हाय. ती माईकवाल्याला आवळाय सांगा."

माईकवाला धावत गेला, वायर आवळली. आज्जांनी दांडा परत तारांवर ठेवला. तेजस्वीनं आईच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि वर्षाराणी वाकून ते ऐकत राहिली.